व्यवसायोपचार : एका अपरिचित विद्येची हकीकत



गावात कुणाला अर्धांगवायूचा झटका आला की पुढे काय होते, ते आपणांस ठाऊकच आहे. मिळेल त्या वाहनाने माणसाला तालुक्याला, नाही तर जिल्ह्याला नेतात. सलाईन लागते, इंजेक्शने होतात, घरची दोन माणसे इस्पितळाच्या व्हरांड्यात मुक्काम ठोकून बसतात. दैव बरे असले तर आठ-पंधरा दिवसांत रुग्ण घरी येतो. गाव भेटायला लोटते. 'जिवावरचं होतं, हातापायावर निभावलं' असे म्हणून, चहा घेऊन मंडळी आपापल्या कामाला जातात.

मंडळी कामाला जातात आणि तो मागे राहतो. ज्या हातापायावर निभावले त्या हातापायाचे पुढे काय, हे कुणी विचारीत नाही. ओसरीवर बाज टाकलेली असते. सदऱ्याची गुंडी बायकोने लावायची, घास मुलीने भरवायचा, परसाकडे जायला थोरल्याने हात द्यायचा. डॉक्टरांनी जीव वाचवला यात शंका नाही. पण परवापर्यंत औत धरणारा माणूस आज एका गुंडीला महाग झाला, त्याचे औषध कोणत्या बाटलीत मिळणार?

ते बाटलीत मिळत नाही. मात्र त्यासाठी एक स्वतंत्र विद्या आहे, ती शिकवणारी महाविद्यालये आहेत, आणि या विद्येचा आपल्या देशातला उगम आपल्याच मुंबईत झालेला आहे. तिचे नाव व्यवसायोपचार. इंग्रजीत ऑक्युपेशनल थेरपी. तिची हकीकत आज सांगायची आहे. शिक्षकांनी ती विशेष लक्षपूर्वक वाचावी, कारण बारावीच्या मुलांना 'पुढे काय?' याचे उत्तर देण्याची पाळी त्यांच्यावरच येते.

प्रथम नावाचा घोळ निस्तरू. व्यवसाय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे धंदा येतो, दुकान येते, नोकरी येते. त्यामुळे व्यवसायोपचार म्हणजे अपंगांना धंदा काढून देणारे एखादे सरकारी खाते असावे, अशी अनेकांची समजूत होते. तसे नाही. इथे व्यवसाय म्हणजे माणसाचा दिवस ज्या-ज्या कामांत जातो ती सगळी कामे. सकाळी दात घासणे, आंघोळ, कपडे, जेवण, चूल, शेत, बाजार, देवपूजा, रात्री अंथरूण घालणे, हे सारे त्यात आले. लहान मुलाचा व्यवसाय खेळणे आणि पाटीवर लिहिणे. आजोबांचा व्यवसाय पोथी वाचणे आणि नातवाला अंगणवाडीत पोचवणे. दुखण्याने, अपघाताने किंवा जन्मजात दोषाने ही कामे अडली, तर ती पुन्हा जमवून आणायची, आणि ती जमवताना त्या कामांचाच औषधासारखा उपयोग करायचा, हे या विद्येचे सूत्र. हिची जुळी बहीण म्हणजे भौतिकोपचार, म्हणजेच फिजिओथेरपी. ती स्नायूंचे बळ, सांध्यांची हालचाल, चालणे याकडे मुख्यतः पाहते. ही विचारते, हात हलला हे ठीक, पण तो हात आता काय करणार? दोघींची शेते एकमेकींना लागून आहेत आणि बांध काही फार पक्का नाही. चांगल्या इस्पितळात दोघी जोडीने काम करतात.

कामाने माणूस बरा होतो, ही कल्पना जुनी. पण इस्पितळाच्या दारातून ती आत आली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि तीही वेड्यांच्या इस्पितळात. त्या काळी युरोपात मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवीत. १७९३ साली फिलिप पिनेल हा डॉक्टर पॅरिसजवळच्या बिसेत्र इस्पितळात आला. त्याने स्वतःच्या हाताने रुग्णांच्या बेड्या तोडल्या, अशी चित्रे पुढे रंगवली गेली. खरे पाहता तिथल्या प्यूसाँ नावाच्या मुख्य सेवकाचा त्यात मोठा वाटा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण इतिहासात सेवकाचे श्रेय साहेबाच्या नावावर चढते, ते काही आपल्याकडेच घडते असे नाही. पिनेलने एक मार्मिक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. स्पेनमधील सारागोसा येथील इस्पितळात रुग्ण शेतावर आणि कारखान्यात काम करीत, आणि त्यांतले पुष्कळ बरे होत. बरे होत नसत ते बड्या घरचे रुग्ण. अंगमेहनत करणे त्यांना कमीपणाचे वाटे, आणि म्हणून ते आपले दुखणे सांभाळीत बसून राहत.

याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक नावाच्या एका चहाच्या व्यापाऱ्याने यॉर्क येथे १७९६ साली 'रिट्रीट' नावाचे घर उघडले. ट्यूक हा क्वेकर पंथाचा. यॉर्कच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळात त्याच पंथातली एक बाई १७९० साली मरण पावली होती, आणि तिला भेटायला गेलेल्या माणसांना आत सोडले नव्हते. त्या संतापातून हे घर उभे राहिले. तिथे रुग्णांना माणसासारखे वागवीत, बागकाम, शिवणकाम, वाचन यांत गुंतवीत. ट्यूक डॉक्टर नव्हता. क्वेकर हा शब्द मात्र ध्यानात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

एकोणिसाव्या शतकात इस्पितळे मोठी झाली, गर्दी वाढली, आणि ही कल्पना मागे पडली. तिला शास्त्राचे रूप आले ते विसाव्या शतकात, अमेरिकेत. त्यात एक नाव विलक्षण आहे, जॉर्ज बार्टन. हा धंद्याने वास्तुविशारद, म्हणजे इमारतींचे नकाशे काढणारा. त्याला क्षयाने गाठले, पायाची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर डावे अंग लुळे पडले. इस्पितळातून सुटल्यावर आपण ना आजारी ना बरे, अशा अधांतरी अवस्थेत आहोत हे त्याच्या ध्यानात आले. इस्पितळाचे काम संपले होते, आणि घरी करण्यासारखे काही उरले नव्हते. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी घर घेऊन तो स्वतःच सुतारकाम आणि बागकाम करू लागला. लुळा हात लाकडावर ठेवायचा, मातीत घालायचा, आणि आज तो किती साथ देतो ते पाहायचे. हात सुधारत गेला. त्याच घरात मार्च १९१७ मध्ये त्याने समविचारी माणसे जमवली. विल्यम रश डंटन नावाचा मनोरोगतज्ज्ञ होता, एलिनॉर क्लार्क स्लेगल नावाची समाजसेविका होती, हस्तकला शिकवणारी एक बाई होती, कॅनडातून आलेला आणखी एक वास्तुविशारद होता, आणि बार्टनची चिटणीस होती. व्यवसायोपचाराचा प्रसार करणारी अमेरिकेची राष्ट्रीय संस्था या सहांनी स्थापली. सहांत डॉक्टर एकच, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

बैठक भरली मार्चमध्ये, आणि एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. हात तुटलेले, पाय गेलेले, तोफांच्या आवाजाने मन बधिर झालेले तरुण सैनिक हजारोंनी परतू लागले. या शिपायांना पेन्शन देऊन बाजेवर बसवायचे, की पुन्हा उभे करायचे? सैन्याने या कामासाठी स्त्रियांना घाईघाईने शिकवून तयार केले, काहींना फ्रान्समधल्या छावणी-इस्पितळांत धाडले. त्यांनी खाटेवरच्या सैनिकांच्या हाती विणकाम, लाकूडकाम, चामड्याचे काम दिले. सैन्यातल्या अनेक अधिकाऱ्यांना आरंभी हे बायकी खूळ वाटले. इंग्लंडमध्ये या विषयाची पहिली शाळा १९३० साली ब्रिस्टल येथे डॉ. एलिझाबेथ कॅसन यांनी काढली.

आता आपल्या देशाकडे वळू. रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयात बर्कली-हिल या अधीक्षकाने १९२० नंतरच्या दशकात व्यवसायोपचाराला स्थान दिले होते. पण ते इस्पितळ गोऱ्यांसाठी, आणि शिकवून माणसे तयार करण्याची सोय काही त्यातून निघाली नाही. ती निघाली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, १९५० साली, आणि ती काढणारी बाई होती कमलाबाई निंबकर.

कमलाबाईंचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. जन्म १९०० सालचा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातला, घराणे क्वेकर. विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी त्यांनी लग्न केले आणि १९३० साली त्या हिंदुस्थानात आल्या. साल पाहा, मिठाच्या सत्याग्रहाचे. अशा वेळी एक अमेरिकन मुलगी मुंबईत येते, कमला हे नाव घेते आणि इथलीच होऊन राहते. येताना त्यांच्या हाती ही विद्या नव्हती. हिंदुस्थानात संसार थाटून पुष्कळ वर्षे झाल्यावर त्यांना या शास्त्राचा ध्यास लागला आणि चाळिशी ओलांडल्यानंतर, घरात मोठा झालेला मुलगा असताना, त्या फिलाडेल्फियाच्या व्यवसायोपचार शाळेत विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. आपल्याकडे चाळिशीची बाई सुनेची वाट पाहू लागते. या बाईंनी शरीररचनाशास्त्राची पुस्तके उघडली आणि शिक्षण पुरे करून त्या मुंबईला परतल्या.

के. ई. एम. हे रुग्णालय निवडले गेले यातही एक संगती आहे. १९२६ साली सुरू झालेले हे रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांची खासियतच अशी की, तिथले अध्यापक हिंदी असावेत ही देणगीबरोबरची अट होती. नव्या प्रयोगाला तिथे जागा मिळाली. काळही तसा होता. १९४९ साली मुंबईत पोलिओची मोठी साथ येऊन गेली होती. पोलिओ मूल मारतो थोड्यांना, पांगळे करतो पुष्कळांना. त्याआधी १९४७ साली फातिमा इस्माईल यांनी, स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर, अशा मुलांसाठी मुंबईत दवाखाना सुरू केला होता. पांगळ्या मुलाच्या पायावर शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद मुंबईत होते. पण त्यानंतर ते मूल शाळेच्या पायऱ्या कसे चढेल, दप्तर कसे उचलेल, स्वतःची चड्डी कशी नेसेल, हे पाहणारे शिकलेले माणूस नव्हते. कमलाबाईंनी १९५० साली के. ई. एम. मध्ये व्यवसायोपचाराचा विभाग आणि शाळा सुरू केली. आशिया खंडातली ही पहिली शाळा मानली जाते.

दोनच वर्षांनी, १९५२ साली, अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघ स्थापन झाला आणि कमलाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षी इंग्लंडात लिव्हरपूल येथे निरनिराळ्या देशांच्या प्रतिनिधींनी जमून जागतिक महासंघ उभारला. त्याच्या दहा संस्थापक देशांत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, स्वीडन, ऑस्ट्रेलिया यांच्या पंगतीला भारत होता. शाळा सुरू होऊन पुरती दोन वर्षे झाली असतील-नसतील, आणि जगाच्या संघटनेत पहिल्या पंक्तीचे पान! १९५५ साली हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था सुरू झाली. पुढे मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नायर रुग्णालयात, तसेच नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण सुरू झाले. कमलाबाई १९७९ साली वारल्या. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी फलटणला शेतीच्या संशोधनात नाव काढले, आणि त्याच फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९८६ साली काढलेल्या मराठी शाळेला कमला निंबकर बालभवन हे नाव आहे. ही शाळा अनेक शिक्षकांना ऐकून माहीत असेल. नाव कुणाचे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

असो. अमेरिकेतून विद्या आणणे एक वेळ सोपे, ती इथल्या मातीत रुजवणे अवघड. फिलाडेल्फियाच्या पुस्तकात रुग्ण खुर्चीवर बसतो, टेबलावर जेवतो, काट्याचमच्याने खातो. आपला रुग्ण पाटावर बसतो, आणि बोटांनी भात कालवून खातो. कालवणे ही साधी गोष्ट नव्हे बरे का! पाची बोटे एकत्र यावी लागतात, मनगट वळावे लागते, घास तोंडाशी नेताना सांडता कामा नये. चमचा धरणे त्यापुढे काहीच नाही. शिवाय आपल्याकडे उजवा हात जेवायचा, डावा हात शौचाचा. एखाद्याचे उजवे अंग गेले तर पाश्चात्त्य तज्ज्ञ म्हणेल, 'डाव्या हाताने खा, झालं!' पण पंगतीत डाव्या हाताने जेवणाऱ्याकडे शेजारचा कसा पाहतो? आणि मग तो माणूस पंगतीला जाणेच सोडतो, लग्नाकार्याला जाणे सोडतो. अशा रुग्णाचे काय करायचे, हे परदेशी पुस्तकात सापडत नाही. इथल्या व्यवसायोपचारकाला उजव्या हाताची बोटे जमतील तितकी मिटवायला लावावी लागतात, जाड मुठीचा चमचा उजव्या हातात बांधून द्यावा लागतो, आणि घरच्यांची समजूतही घालावी लागते. तीच गत उकिडवे बसण्याची. कमोड नसलेल्या घरात, मांडी आणि उकिडवे बसणे न जमणारा माणूस क्षणोक्षणी परावलंबी. मध्ये भोक पाडलेली एक साधी लाकडी खुर्ची, भिंतीला एक पक्का दांडा, एवढ्याने त्याची लाज राखली जाते. माझ्या मते या विद्येची खरी परीक्षा रुग्णालयाच्या चकचकीत खोलीत होत नाही, अशा मोरीत होते.

मग हे लोक करतात तरी काय, ते एका उदाहरणाने पाहू. भाकरी घ्या. सुगरणीला विचारले तर ती म्हणेल, 'त्यात काय सांगायचं? थापायची नि भाजायची.' व्यवसायोपचारक त्याच भाकरीचे तुकडे पाडतो, म्हणजे कामाचे तुकडे बरे का! पीठ मळताना खांद्याचा जोर मनगटात उतरावा लागतो. थापताना एक हात थापतो आणि दुसरा कडा सांभाळतो, म्हणजे दोन हातांनी दोन निराळी कामे एकाच वेळी करायची. भाकरी उचलून तव्यावर टाकताना हात पुढे जातो आणि बसल्या जागी कमरेचा तोल सांभाळावा लागतो. पाणी फिरवायचे, उलटायची, आच ओळखायची. आता ही बाई अर्धांगाने आजारी असेल तर कोणत्या तुकड्याशी अडते, ते नेमके हेरायचे. तोल जात असेल तर चूल किंवा शेगडी ओट्यावर घ्यायची आणि टेकून बसायला द्यायचे. परात सरकत असेल तर तिच्याखाली ओले फडके अंथरायचे, म्हणजे ती जागची हलत नाही. दुबळा हात निदान परात दाबून धरण्यापुरता तरी रोज कामाला लावायचा, कारण न वापरलेला हात विसरत जातो आणि वापरलेला शिकत जातो. महिन्या-दोन महिन्यांनी त्या बाईने एक वेडीवाकडी भाकरी केली, तर तपासणीच्या कागदावरील कितीतरी आकड्यांपेक्षा ती भाकरी अधिक सांगते.

प्रारंभी या विभागांतून हातमाग, करवत, वेत विणणे, मातीकाम यांची रेलचेल असे. मागाचा धोटा फेकताना खांदा उघडतो, उतरत्या फळीवर लाकूड घासताना कोपर सरळ होतो, पायाने चालवायच्या करवतीने गुडघा आणि घोटा हलतो, असा त्यामागे हिशेब होता. पण बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, 'इथे टोपल्या विणायला लावतात!' काही ठिकाणी हिशेब विसरून नुसत्या टोपल्याच विणल्या गेल्या, हेही खरे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही विद्या हस्तकलेकडून रोजच्या जगण्याकडे वळली, ते बरेच झाले.

कुष्ठरोगाच्या कामातही या विचाराने मोठी मजल मारली. या रोगात बोटांची संवेदना जाते. तापलेल्या तव्याचा कडा बोटाला लागला तरी कळत नाही, आणि जखमांवर जखमा होऊन बोटे झिजतात. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे १९४८ पासून अशा हातांवर शस्त्रक्रिया केल्या. वाकडी झालेली बोटे सरळ करण्यासाठी दुसऱ्या स्नायूची दोरी तिथे नेऊन जोडीत. पण दोरी जोडली म्हणजे हात शिकला असे नाही. त्या स्नायूला नवे काम शिकवावे लागे, आणि हत्याराच्या मुठीला कापड गुंडाळणे, रोज हात तपासणे, गरम भांडे फडक्याने धरणे, या सवयी लावाव्या लागत. आपल्याकडे बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. त्याला कुणी व्यवसायोपचार म्हटले नाही, आणि ते त्या अर्थाने नव्हेही. पण भीक नाकारून कुष्ठरोग्याच्या हाती कुदळ देणे आणि बार्टनने आपला लुळा हात मातीत घालणे, या दोन गोष्टी एकमेकींना ओळखतील असे मला वाटते.

काळ बदलला, तसे रुग्ण बदलले. भारतात रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या मुलांसाठी १९५० साली धडपड सुरू झाली, तशी नवी मुले आता येत नाहीत. पण मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागलेले तरुण येतात. कडबा कुट्टीत किंवा मळणी यंत्रात बोटे गेलेले शेतकरी येतात. सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झालेली, मुले येतात. कानांवर हात ठेवून वर्गाच्या गोंगाटापासून पळणारी, नजरेला नजर न देणारी स्वमग्न मुले येतात. आयुष्य वाढले, म्हणून थरथरत्या हातांचे म्हातारेही येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत.

आणि तरीही खेड्यात हे नाव पोचलेले नाही. अर्धांगाच्या रुग्णाचे पहिले काही महिने फार मोलाचे, कारण त्या काळात मेंदू सर्वांत जास्त परत शिकतो. नेमके तेच महिने तेलाचे मालीश, अंगारे-धुपारे आणि कबुतराचे रक्त यांत जातात. घरच्यांचा दोष कसा म्हणावा? त्यांना दुसरे काही कुणी सांगितलेलेच नसते. म्हणून दोन गोष्टी इथेच सांगून ठेवतो. अशा रुग्णाला उठवताना लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून कधी ओढू नये. त्याचा खांदा निसटतो आणि मग दुखण्याने तो हात हलवूच देत नाही. आणि सदरा घालताना लुळा हात आधी घालावा, काढताना तो शेवटी काढावा. एवढ्या युक्तीने पुष्कळ जण पंधरा दिवसांत स्वतःचा सदरा स्वतः घालू लागतात. बाकीचे शिकलेल्या माणसाकडून शिकावे.

शिक्षकांसाठी आणखी थोडे. वर्गातला एखादा मुलगा तोंडी उत्तरे फाडफाड देतो, पण लिहायला बसला की अक्षर डोंगरावर चढते, पेन्सिल मोडते, बोटे दुखतात. त्याला आपण आळशी म्हणतो. कित्येकदा दोष आळसाचा नसतो. बोटांची पकड, खांद्याची स्थिरता किंवा डोळा आणि हात यांचा मेळ यांत कुठे तरी अडलेले असते, आणि बाकाची उंची बदलून, पेन्सिलीला जाड आवरण चढवून, योग्य खेळ देऊन त्यात फरक पडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्या राज्यातल्या पालघरलाच झाला. त्याचे पथक तपासणीला शाळेत येते, तेव्हा असा मुलगा त्यांच्यापुढे आवर्जून उभा करावा. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्याची व्यवस्था ते करतात.

आता मुलामुलींच्या शिक्षणाविषयी. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, आणि महाराष्ट्रात प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवरून, राज्याच्या सामाईक प्रवेश कक्षामार्फत होतो. चार वर्षांचा अभ्यास आणि त्यानंतर सहा महिन्यांची आंतरवासिता असा क्रम इथे बरीच वर्षे होता. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि अभ्यासक्रमांची नवी आखणी सुरू झाली. तेव्हा ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्यान्वये व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांची राज्य परिषद आहे. रुग्णाला तपासून घेण्याआधी समोरच्या माणसाची नोंदणी आहे ना, हे विचारायला संकोच करू नये.

पुष्कळ मुले नीटला थोडक्यात हुकली की रडत बसतात आणि पालक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा परीक्षेला बसवतात. डॉक्टर होता आले नाही म्हणून नाइलाजाने इकडे वळावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. नाइलाजाने आलेल्याकडून हे काम होत नाही. इथे निकाल लवकर लागत नाही. बोट अर्धा इंच वाकले, तर आज दिवाळी! ज्या मुलीला घरातल्या आजीची गुंडी लावताना घाई होत नाही, ज्या मुलाच्या हाती खिळा-हातोडी शोभते, मोडकी सायकल कुठे अडते हे ज्याला न सांगता दिसते, त्याच्यासाठी हे काम आहे. सुतारकी, शिवण, स्वयंपाक येणाऱ्या खेड्यातल्या मुलांना याची अर्धी विद्या घरबसल्या मिळालेली असते. शहरातल्या मुलांना ती पहिल्या वर्षापासून शिकावी लागते.

अर्ज भरण्यापूर्वी मात्र एक करावे. मुंबईला परळ, शीव, मुंबई सेंट्रल किंवा हाजी अली, नाही तर नागपूरचे शासकीय रुग्णालय, जे जवळ पडेल तिथल्या व्यवसायोपचार विभागात सकाळच्या वेळी मुलाला घेऊन जावे आणि तिथल्या प्रमुखांची परवानगी घेऊन तासभर एका बाजूला उभे राहावे. कुणी गुंडी लावीत असेल, कुणी कळशी उचलण्याचा सराव करीत असेल. परत येताना मुलगा आपण होऊन काही विचारतो का, ते बघा, आणि मग अर्जाचे ठरवा.